निगेटिव्ह आणि स्लाइडसाठी स्कॅनर घेताय? आधी घरातला डबा उघडा

कोल्हापुरात ज्या घरात जुने अल्बम आहेत, त्या घरात कुठंतरी निगेटिव्हचा डबाही असतोच. लग्नाचे, बारशाचे, जोतिबाच्या यात्रेचे, पन्हाळ्याच्या सहलीचे रोल स्टुडिओवाल्यानं दिलेल्या पाकिटात घालून कपाटावर टाकलेले असतात. अल्बममधले कागदी फोटो पिवळे पडतात, एकमेकांना चिकटतात, कित्येक घरांतले २०१९ आणि २०२१ च्या पुरात गेले. निगेटिव्ह मात्र शाबूत असेल तर मूळ चित्र अजून तुमच्या हातात आहे, आणि अल्बममधल्या प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त तपशील तिच्यात आहे. म्हणून हे काम मनावर घेणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला आदर वाटतो. फक्त सुरुवात दुकानातून किंवा ऑनलाइन यादीतून करू नका. कुठला स्कॅनर घ्यायचा हे तुमच्या डब्यात काय आहे त्यावर ठरतं.

डब्यात काय आहे ते पाहा

टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा अंथरा, हात धुऊन कोरडे करा आणि निगेटिव्ह फक्त काठांना धरून बाहेर काढा. उजेडासाठी मोबाइलवर पांढरा स्क्रीन लावला तरी चालतो. शेजारी पट्टी ठेवा आणि मापं घ्या.

दोन्ही काठांना चौकोनी भोकं असलेली पट्टी म्हणजे ३५ मिलिमीटर. तिच्यावरचं एक चित्र २४ × ३६ मिलिमीटरचं असतं. भोकं नसलेली, सहा सेंटिमीटर रुंद पट्टी म्हणजे १२० चा रोल. आगफा क्लिक थ्री ज्या घरात होता त्या घरात हा रोल हमखास सापडतो. त्यावर १२ चौकोनी चित्रं येतात. स्टुडिओत लग्नाचे फोटोही पूर्वी बहुधा याच रोलवर काढले जायचे. हॉट शॉट ११० सारख्या छोट्या कॅमेऱ्यांची निगेटिव्ह नखाएवढी, १३ × १७ मिलिमीटरची असते. स्लाइड ओळखायला सोपी: पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाच सेंटिमीटर चौकोनी चौकटीत सुलटी, रंगीत फिल्म. आणि आजोबांचा स्टुडिओ असेल तर काचेच्या प्लेटाही निघतील.

दुसरी पाहणी रंगाची. फिल्मचा तळ नारिंगी दिसला तर रंगीत निगेटिव्ह. करडा किंवा जवळजवळ पारदर्शक दिसला तर कृष्णधवल. हा फरक पुढं फार महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून कागदावर दोन वेगळे रकाने करा: कुठल्या मापाच्या किती, आणि त्यात रंगीत किती, कृष्णधवल किती. शंभरच्या आत आहेत, की हजाराच्या पुढं? अंदाज चालेल, पण लिहून काढा.

इथं एक इशारा, आणि तो कोल्हापूरकरांसाठी जास्त गरजेचा आहे. हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं गाव, आणि १९२९ मध्ये प्रभातची सुरुवातही इथलीच. चित्रपटाशी जोडलेल्या एखाद्या जुन्या घरात त्या काळातल्या सिनेमाच्या फिल्मचे तुकडे अजूनही सापडू शकतात. १९५० च्या आसपासपर्यंत ३५ मिलिमीटर सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची. ती झटकन पेट घेते आणि पाण्यानं विझत नाही. काठावर ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल आणि फिल्म तेवढी जुनी असेल, तर ती स्कॅनरच्या उजेडाखाली ठेवू नका, घरात साठवूही नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क करा.

डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म आतून कुजू लागली आहे. अशा पट्ट्या वेगळ्या काढा, कारण तो वायू शेजारच्या चांगल्या फिल्मलाही खराब करतो. स्कॅन करताना त्यांचा नंबर पहिला.

चित्रं कशासाठी हवीत?

नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला, अल्बमसाठी ५ × ७ इंची प्रिंट काढायला, की ए-३ आकारात फ्रेम करून भिंतीवर लावायला? याचं खरं उत्तर स्वतःला द्या. प्रत्येक निगेटिव्हचं भिंतीवर लावायचं चित्र होत नाही. माझ्या मते सगळा डबा मध्यम दर्जात स्कॅन करावा आणि त्यातून निवडलेल्या वीस-पंचवीस चित्रांवर जास्त मेहनत घ्यावी. घरचं काम पुरं होतं ते याच रीतीनं.

खोक्यावरचा डीपीआय

स्कॅनरच्या खोक्यावर ६४००, ७२०० असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. डीपीआय म्हणजे फिल्मच्या एका इंचातून स्कॅनर किती ठिपके उचलतो तो आकडा. सेन्सर तेवढे ठिपके देतोही, पण भिंग आणि फोकस तेवढा बारीक तपशील पकडत नाहीत. फाइल फुगते, चित्रात नवं काही येत नाही. चाचणीचा चार्ट स्कॅन करून मोजलेली खरी क्षमता बरीच कमी निघते. एप्सन परफेक्शन व्ही६०० वर ६४०० लिहिलेलं असतं, खरे मिळतात साधारण १५०० ते १६००. त्याचा मोठा भाऊ व्ही८५० खरे २३०० च्या आसपास देतो. प्लसटेकच्या ऑप्टिकफिल्म ८१०० आणि ८२००आय वर ७२०० लिहिलंय, खरे ३२०० च्या आसपास. बंद झालेले निकॉन कूलस्कॅन ४००० सांगायचे आणि जवळजवळ तेवढे द्यायचेही.

आता हे आकडे आपल्या यादीवर बसवू. ए-३ कागदावर ३०० डीपीआयची स्वच्छ प्रिंट हवी असेल तर लांब बाजूला जवळजवळ ५००० पिक्सेल लागतात. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमधून ते काढायचे तर खरे ३५०० डीपीआय हवेत. पण १२० च्या चौकोनी निगेटिव्हची बाजू ५६ मिलिमीटर असते. ए-३ कागदाच्या रुंदीएवढी चौकोनी प्रिंट तिच्यातून खऱ्या १६०० मध्येच निघते. म्हणजे जो व्ही६०० ३५ मिलिमीटरला तोकडा पडतो, तोच १२० ला पुरून उरतो. स्कॅनर चांगला की वाईट हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या फिल्मसाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

अल्बममधल्या ५ × ७ प्रिंटला २१०० × १५०० पिक्सेल पुरतात, आणि ३५ मिलिमीटरमधून तेवढे व्ही६०० सुद्धा देतो. घरच्या बऱ्याच फोटोंची गरज तिथंच भागते.

फ्लॅटबेड: मिश्र डब्यासाठी

घरातल्या यादीत १२० पण आहे, ३५ पण आहे, थोड्या स्लाइड आहेत आणि अल्बममधले कागदी फोटोही स्कॅन करायचेत, तर फिल्म चालणारा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर ठेवून वरून झाकण लावायचा स्कॅनर घ्या. मला विचाराल तर बहुतेक घरांसाठी हाच सरळ रस्ता आहे. ऑफिसातला साधा स्कॅनर किंवा प्रिंटरवरचा स्कॅनर इथं उपयोगाचा नाही. फिल्ममधून उजेड आरपार जावा लागतो, त्यासाठी झाकणात दिवा हवा. झाकणात दिवा आणि सोबत फिल्म धरायच्या चौकटी, म्हणजे होल्डर, या दोन गोष्टी आहेत का एवढं आधी पाहा.

व्ही६०० मध्ये एका वेळी ३५ मिलिमीटरची १२ चित्रं किंवा चार स्लाइड बसतात. झाकणातला दिवा अरुंद पट्टीएवढाच असल्यानं मोठी काचेची प्लेट त्यात पूर्ण येत नाही. व्ही८५० मध्ये ८ × १० इंचांपर्यंतची फिल्म किंवा प्लेट बसते. स्टुडिओचा वारसा सांभाळणाऱ्यानं त्याचाच विचार करावा, बाकीच्यांनी एवढा खर्च करायची गरज नाही. मॉडेल बंद होत असतात, त्यामुळं नवा माल, वॉरंटी आणि जवळची सर्व्हिस या तिन्हींची खात्री करूनच पैसे द्या.

फ्लॅटबेडची खरी अडचण फिल्मच्या वाकण्याची आहे. गुंडाळून ठेवलेली पट्टी होल्डरमध्ये मधोमध फुगते आणि चित्राचा मधला भाग धूसर येतो. स्कॅन करण्याआधी पट्ट्या पाकिटात घालून जाड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवा. सरळ काचेवर दाबून ठेवायचा मोह होईल, पण मग फिल्म आणि काच यांच्यामध्ये इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. ती नंतर काढता येत नाहीत.

फक्त ३५ असेल तर

सगळा डबा ३५ मिलिमीटरचा असेल तर प्लसटेकसारखा खास फिल्मचाच स्कॅनर फ्लॅटबेडपेक्षा सरस ठरतो. टेबलावर जागा कमी घेतो आणि तपशील दुप्पट उचलतो. मात्र त्यात चौकट हातानं एकेक चित्र पुढं सरकवावी लागते आणि एकेका चित्राला काही मिनिटं जातात. शंभर-दोनशे चित्रं असतील तर हे काम सुखाचं आहे. दोन हजार असतील तर धीर सुटेल, तेव्हा पुढचा कॅमेऱ्याचा मार्ग पाहा. कागदी फोटो आणि १२० ची फिल्म यात चालत नाही.

बाजारात छोट्या स्क्रीनचे, कॉम्प्युटरशिवाय चालणारे स्वस्त ‘फिल्म स्कॅनर’ही मिळतात. आत मोबाइलसारखा बारीक सेन्सर असतो. चित्र झटक्यात दाबलेल्या जेपीजीमध्ये मिळतं, कडा कापल्या जातात, स्लाइडमधल्या सावल्या काळ्या ठिक्कर पडतात. कुठल्या पाकिटात काय आहे हे चाळून बघायला ते ठीक आहेत. आयुष्यात एकदाच होणारं काम त्यांच्यावर सोपवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात चांगला कॅमेरा असेल तर

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा घरात असेल तर स्कॅनर घेण्याआधी हा मार्ग नक्की तपासा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं ३५ मिलिमीटरचं चित्र पूर्ण फ्रेममध्ये घेतलं तर ६००० × ४००० पिक्सेल मिळतात, म्हणजे सुमारे ४२०० डीपीआय. लेन्स चांगली असेल तर तपशीलही त्याच तोडीचा येतो. शिवाय एका चित्राला काही सेकंद लागतात. हजारांनी निगेटिव्ह असलेल्यांसाठी यासारखं दुसरं साधन नाही.

लागतं काय? अगदी जवळून फोकस करणारी मॅक्रो लेन्स, खालून एकसारखा उजेड देणारा एलईडी पॅनल, फिल्म सपाट धरणारा होल्डर आणि कॅमेरा खाली तोंड करून न हलता धरणारा स्टँड. पॅनल घेताना सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९५ किंवा त्याहून जास्त आहे का पाहा. कमी सीआरआयच्या दिव्याखाली माणसांच्या चेहऱ्याचे रंग नंतर काही केल्या जमत नाहीत. पॅनल आणि फिल्म यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही.

स्टँडच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. जुन्या स्टुडिओतला डार्करूमचा एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, कुठं धूळ खात पडला असेल तर तो मिळवा. वरचा दिव्याचा भाग काढला की उरतो तो भक्कम खांब, जड पाट आणि वर-खाली सरकणारी भुजा. याहून चांगला कॉपी स्टँड शोधून मिळणार नाही. कॅमेरा बसवायला भुजेवर एक पट्टी आणि पाव इंची स्क्रू लागतो, इंचाला २० आट्यांचा. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याला कॅमेऱ्याची तळपट्टी दाखवली की तो करून देईल. एन्लार्जर नसेल तर १८ मिलिमीटर प्लायवूडचा पाट आणि जाड पाइपचा खांबही तिथंच बनवून घेता येतो. भुजा लांब करू नका. लांब भुजा थरथरते.

बसवल्यावर सगळ्यात आधी कॅमेरा फिल्मला समांतर आहे का तपासा. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं स्वतःचंच प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की झालं. मग आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८, रॉ फाइल, मॅन्युअल फोकस आणि दोन सेकंदांचा टायमर. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. एका रोलसाठी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवला की मध्येच बदलू नका.

रंगीत निगेटिव्ह उलटी करून तिचा नारिंगी तळ काढणं हे इथलं अवघड काम. त्यासाठी लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारं निगेटिव्ह लॅब प्रो आहे, ते विकत घ्यावं लागतं. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातलं निगाडॉक्टर हे साधन हेच काम करतं. शिकायला दोन-चार संध्याकाळी द्या, हात बसतो. कृष्णधवल आणि स्लाइडला यातलं काहीच फारसं लागत नाही.

धूळ काढणारा इन्फ्रारेड

काही स्कॅनर नेहमीच्या स्कॅनबरोबर इन्फ्रारेड उजेडातही चित्र घेतात. रंगीत फिल्ममधल्या रंगद्रव्यातून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात. त्यामुळं घाण नेमकी कुठं आहे हे मशीनला कळतं आणि ती पुसली जाते. एप्सनमध्ये याला डिजिटल आयसीई म्हणतात. प्लसटेकमध्ये ही सोय ८२००आय ला आहे, ८१०० ला नाही. रंगीत रोल भरपूर असतील आणि त्यांच्यावर ओरखडे असतील तर यासाठी जास्तीचे पैसे जरूर द्या. तासन् तास वाचतात. कॅमेऱ्याच्या मार्गात ही सोय नाही, तिथं धूळ हातानंच काढावी लागते.

कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते. मशीन चित्रालाच धूळ समजतं आणि चेहऱ्यांवर चट्टे पाडतं. तिथं हे बटण बंदच ठेवा. कोडॅकच्या जुन्या कोडाक्रोम फिल्मच्या स्लाइडवरही बहुतेक वेळा हाच गोंधळ होतो. तुमच्या यादीत कृष्णधवलचा रकाना लांब असेल तर इन्फ्रारेडसाठी जास्त खर्च करण्यात अर्थ नाही. तो पैसा चांगल्या होल्डरवर लावा.

जुना स्कॅनर मिळत असेल तर

कूलस्कॅनसारखी मशीनं अजून विकायला येतात आणि चालू स्थितीत असतील तर आजही अव्वल आहेत. घेण्याआधी मागचं पोर्ट पाहा. यूएसबी असेल तर ठीक. फायरवायर किंवा स्कझी ही जुनी पोर्टं असतील तर तुमच्या कॉम्प्युटरला ते जोडणार कसं, हे आधी सोडवा. कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, पण व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर बहुतेक जुन्या स्कॅनरना चालवतं. सिल्व्हरफास्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना स्कॅनरच्या मॉडेलशी बांधलेला असतो हे लक्षात ठेवा. स्वतःची एक गडद स्लाइड सोबत घेऊन जा आणि समोर स्कॅन करायला लावा. उजळ भागाभोवती धुक्यासारखं वलय दिसलं तर आतल्या आरशावर धूळ बसलीय. चित्रात आरपार सरळ रेघ दिसली तर सेन्सरची तक्रार आहे, तो सौदा सोडा.

निगेटिव्ह पन्नासच असतील तर काहीच विकत घेऊ नका. एखाद्या लॅबमध्ये नॉरित्सु किंवा फ्रंटियर मिनीलॅब, म्हणजे रोलवरून प्रिंट काढायचं मोठं मशीन, अजून चालू असेल तर तिथं उत्तम स्कॅन मिळतो. फक्त सगळ्यात मोठी फाइल मागा, आणि निगेटिव्ह कापू नका असं आधीच बजावून सांगा.

पहिला रोल

नवा स्कॅनर घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत एक रोल पूर्ण स्कॅन करा. फिल्मवर फक्त हातपंपानं हवा मारा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात. बुरशी दिसली तर पाणी अजिबात लावू नका; बुरशीनं जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, सैल झालेलं असतं आणि पाण्यात चित्रच विरघळतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन आधी रिकाम्या काठावर तपासा, मगच पुढं जा. पुरात भिजून चिकटलेल्या पट्ट्यांचं उलटं आहे. त्या वाळण्याआधी स्वच्छ थंड पाण्यात ठेवा आणि तशाच जाणकाराकडं न्या. वाळल्या की सुटत नाहीत.

फिल्मची मंद बाजू म्हणजे इमल्शन, चित्राचा थर; चकचकीत बाजू म्हणजे तळ. चकचकीत बाजूनं बघितल्यावर चित्र सुलटं दिसतं. कुठली बाजू खाली ठेवायची ते मशीनच्या पुस्तिकेत पाहा, नाहीतर नऊवारीचा पदर भलत्याच खांद्यावर दिसेल.

सेटिंगमध्ये शार्पनिंग बंद ठेवा. व्ही६०० वर ३२०० डीपीआयनं स्कॅन करून नंतर आकार निम्मा करा, त्याच्या वर जाऊन काही मिळत नाही. कृष्णधवल १६ बिट ग्रेमध्ये आणि रंगीत ४८ बिटमध्ये घ्या. जपून ठेवायची मूळ फाइल टिफमध्ये, वाटायची जेपीजीमध्ये. ३२०० डीपीआयचं एक रंगीत ३५ मिलिमीटर चित्र टिफमध्ये सुमारे ८० एमबी होतं, म्हणजे ३६ चित्रांच्या रोलला जवळजवळ ३ जीबी. डिस्क त्या हिशोबानं घ्या, आणि दोन घ्या. दुसरी पुण्या-मुंबईतल्या बहिणीकडं किंवा मुलाकडं राहू दे.

फाइलच्या नावात आधी साल, मग प्रसंग, मग रोल आणि चित्राचा नंबर. तोच रोल नंबर पाकिटावर पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नको, शाई उतरते. फोटोतली माणसं कोण हे घरातल्या थोरल्यांना त्याच आठवड्यात विचारून लिहून ठेवा. ‘मागच्या रांगेत डावीकडून दुसरे आप्पा, हातात फेटा’ एवढं लिहिलं तरी पुढच्या पिढीला पुरतं.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून देऊ नका. पीव्हीसीच्या पाकिटातून काढून पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात घाला, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळा संपला की त्या बदला. डबा माळ्यावर पत्र्याखालच्या उकाड्यात नको आणि तळमजल्यावर जमिनीलगतही नको. घर नदीकडच्या भागात असेल तर पुराचं पाणी मागच्या वेळी भिंतीवर जिथवर आलं होतं, त्याच्या वरची फळी निवडा.